पाच हजार मीटरखालचा चिखल

बारावी झालेली मुलगी घरात जाहीर करते, “मला खोल समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचाय.” घरच्यांच्या डोळ्यांसमोर लगेच माहितीपट उभा राहतो: पिवळी पाणबुडी, तिची गोल काच आणि काचेपलीकडून दिवा लटकवत जाणारा अक्राळविक्राळ मासा. आई काळजीने विचारते, “पण तुला पोहायला कुठे येतं?” पोहण्याचा या कामाशी फार थोडा संबंध आहे. विचारायला हवे ते वेगळेच. दिवसाचे सात-आठ तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसवेल का? आणि चिखल चाळायचा कंटाळा येणार नाही ना?

खोल समुद्राचे जीवशास्त्र हे फार मोठ्या प्रमाणात चिखलाचे शास्त्र आहे. ते शिकणारा माणूस कसा घडतो आणि आज त्याच्यासमोर कोणता पेच आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी ‘खोल’ म्हणजे किती, ते ठरवू. कोकणात पाण्याची खोली वावात मोजत. दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत होते ती एक वाव, साधारण सहा फूट. इंग्रजांचे फॅदमही तेवढेच. चाळीस वावांवर जाळे टाकणारी होडी आपल्या दृष्टीने बरीच बाहेर गेलेली असते. पण शाळेच्या भूगोलात वाचलेली समुद्रबूड जमीन अजून तिच्या खाली असतेच. मुंबईसमोर ही जमीन दोनशे किलोमीटरहून जास्त रुंद आहे. ती संपते, खंडान्त उतार सुरू होतो आणि शास्त्रज्ञ ज्याला खोल समुद्र म्हणतात तो तिथून पुढे. २०० मीटरखाली वनस्पतींना पुरेल एवढा प्रकाश पोहोचत नाही. हजार मीटरखाली सूर्याचा मागमूस नसतो. सागरी मैदाने चार ते सहा हजार मीटरवर पसरलेली आहेत. पाच हजार मीटर म्हणजे २,७०० वावांहून अधिक. तिथे तापमान एक-दोन अंश सेल्सियस आणि दाब आपल्या अंगावरच्या हवेच्या सुमारे पाचशेपट.

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा दोन-तृतीयांश भाग असा खोल समुद्राखाली आहे. त्यातले माणसाने प्रत्यक्ष किंवा कॅमेऱ्यातून पाहिले किती? २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५८पासूनच्या सुमारे ४४ हजार बुड्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. डोळ्यांखालून गेलेला तळ एक हजारांश टक्क्याहूनही कमी निघाला. क्षेत्रफळात सांगायचे तर सुमारे ३,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या गोव्याएवढे. त्यातल्याही बहुतेक बुड्या अमेरिका, जपान, न्यूझीलंड, फ्रान्स आणि जर्मनी या पाच देशांच्या. हिंद महासागराच्या वाट्याला त्या गोव्यातला एखादा वाडा आला असला तरी पुष्कळ.

मग बाकीच्या तळाबद्दल आपण जे बोलतो ते कशाच्या आधारावर? उत्तर पुन्हा चिखल.

चिखल आणणारे मुख्य साधन म्हणजे बॉक्स कोअरर. चौकटीत बसवलेली लोखंडी पेटी, तोंड खाली, आत अर्धा मीटर लांब-रुंद जागा. जहाजावरच्या विंचच्या तारेला बांधून ती सोडतात. मिनिटाला साठ मीटर वेगाने सोडली तर पाच हजार मीटर गाठायला तासभर आणि वर वीस-पंचवीस मिनिटे लागतात. ती वजनाने गाळात रुतते, मग एक फावडे झुलत येऊन तिचे तोंड खालून बंद करते, आणि तेवढाच वेळ घेत ती वर येते. तीन तासांनी पेटी डेकवर टेकते तेव्हा सगळ्यांच्या माना तिच्यावर वाकलेल्या असतात. कधी फावडे नीट मिटलेले नसते आणि वाटेत सगळे वाहून गेलेले असते. कधी पेटी आडवी पडून रिकामीच आलेली असते. मग पुन्हा तीन तास. जहाजाचा एकेक दिवस लाखोंच्या घरात जात असल्याने हे काम रात्र-दिवस पाळ्यांत चालते. पहाटे तीनला, जहाज डोलत असताना, उलटी आवरत चिखल उचलणे हा या शिक्षणाचा पहिला धडा.

पेटी नीट आली तर हाती लागतो पाव चौरस मीटर समुद्रतळ. वरचे पाणी हलकेच काढायचे, कारण काही जीव गाळाच्या वर तरंगत असतात. मग गाळाचे थर कापायचे: वरचे दोन सेंटिमीटर वेगळे, त्याखालचे वेगळे. प्रत्येक थर थंड समुद्रपाण्याने बारीक चाळणीतून धुवायचा. चाळणीची भोके एक-तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास; सूत्रकृमींसाठी याहून कितीतरी बारीक. पाण्याचा जोर जास्त झाला तर केसाळ कृमींचे केस तुटतात, आणि ते केस मोजूनच त्यांची ओळख पटते. धुतलेला ऐवज बरणीत भरायचा, पण कशात? फॉर्मलिनमध्ये शरीराचा आकार टिकतो, डीएनए खराब होतो. अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो, शरीर आक्रसते. कोणता प्रश्न विचारायचा आहे हे डेकवरच, झोपाळलेल्या डोळ्यांनी, ठरवावे लागते.

या मोहिमांवर एक गमतीचा रिवाज आहे. थर्माकोलच्या पेल्यावर आपले किंवा घरच्यांचे नाव लिहून तो जाळीत घालून उपकरणाबरोबर खाली पाठवायचा. दाबाने त्यातली हवा निघून जाते आणि पेला परत येतो तो शिंप्याच्या अंगुस्तानाएवढा होऊन, अक्षरांसकट. कित्येक संशोधकांच्या टेबलावर असा पेला दिसतो. पाचशेपट दाब म्हणजे काय हे त्याइतके नेमके कुठलेही सूत्र सांगत नाही.

जहाज बंदराला लागले की खरे काम सुरू होते. बरणीत गुलाबी रंग घातलेला असतो, त्यात प्राण्यांच्या पेशी रंगतात. मग ताटलीत थोडा थोडा गाळ घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी ठिपके सुईने वेचायचे. घरात तांदूळ निवडणाऱ्या माणसाला हे काम लगेच कळेल. फक्त इथे टाकायचे जास्त आणि ठेवायचे फार थोडे. पाच हजार मीटरखाली अन्नाचा दुष्काळ असतो. वरच्या उजेडात वनस्पती-प्लवकांनी बनवलेल्या अन्नातला शंभरातला एखादा अंश, तोही मेलेल्या जिवांच्या आणि विष्ठेच्या कणांच्या रूपाने, भुरभुरत तळापर्यंत पोहोचतो. त्यावर जगणारे जीव बहुतेक मिलिमीटरभर लांब असतात. संख्या थोडी, पण प्रकार? तिथेच आश्चर्य आहे. एका पेटीत सापडलेल्या पन्नास कृमींमध्ये तीसएक वेगवेगळ्या जाती निघू शकतात, आणि त्यातल्या बहुसंख्य कोणत्याही पुस्तकात नसतात. मग विद्यार्थी चिठ्ठीवर लिहितो: ‘जाती १’, ‘जाती २’, ‘जाती ३’. मराठीत ‘नावे ठेवणे’ याचा अर्थ भलताच होतो, पण या विद्येचे सार त्या दोन शब्दांत आहे. खोल समुद्राचा जीवशास्त्रज्ञ होणे म्हणजे प्रथम नाव ठेवायला शिकणे.

हे शिकायला इतकी वर्षे का लागतात, ते या शास्त्राच्या चुकांवरून चांगले समजते. १८४०च्या दशकात एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने एजियन समुद्रात तळ खरवडून पाहिला. खोली वाढत गेली तसे प्राणी कमी होत गेले. त्याने ती रेघ पुढे वाढवली आणि ३०० वावांखाली जीवसृष्टी नसावी असे सांगितले. त्याहून खोलवरचे प्राणी त्याआधीच इतरांच्या हाती आले होते, तरी त्याचे मत बराच काळ टिकले. फोर्ब्स आळशी नव्हता, मूर्ख तर नव्हताच. त्याचा समुद्र मुळात अन्नाने गरीब होता आणि त्याची खरवडणी या कामाला फारशी योग्य नव्हती. एका ठिकाणचा चिखल पाहून सगळ्या समुद्राबद्दल बोलू नये, हे आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याच उदाहरणाने शिकवतात. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगाचे समुद्र पालथे घातले, हजारो नव्या जाती आणल्या आणि फोर्ब्सचा प्रश्न निकालात काढला. मात्र प्रवास साडेतीन वर्षांचा आणि त्याचा अहवाल ५० खंडांचा. तो पुरा व्हायला १८९५ उजाडले. समुद्रावरचा एक दिवस म्हणजे टेबलावरचे कित्येक, हे प्रमाण तेव्हापासून बदललेले नाही.

आपल्या बाजूची गोष्ट सुरू होते ती मुंबईच्या गोदीत. तिथे बांधलेले ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे वल्हचाकांचे लाकडी जहाज १८८१पासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यांचे सर्वेक्षण करू लागले. त्यावर एक सर्जन-नॅचरलिस्ट असे. पगार डॉक्टरकीचा, आवड प्राण्यांची. १८८८ ते १८९२ या काळात हे पद आल्फ्रेड अल्कॉककडे होते. खलाशांची दुखणी बघून उरलेल्या वेळात तो जाळ्यात आलेले खेकडे, कोळंब्या आणि मासे वर्णन करत बसे. झुरळाच्या घराण्यातला वाटावा असा, पण खरे तर कोळंबीचा चुलतभाऊ असलेला महाकाय आयसोपॉडही या जहाजाच्या जाळ्यात बंगालच्या उपसागरात सापडला. हे सगळे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले. अल्कॉकची काही मते पुढे बदलली गेली असतील, पण त्याच्या बरण्या आजही उघडून तपासता येतात. मला तर वाटते, या शास्त्रात ग्रंथालयापेक्षा बरण्यांच्या कपाटाला जास्त मान असावा.

याच जहाजावर नंतर काम केलेले सेमूर सीवेल १९३३-३४मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून अरबी समुद्रात मोहीम घेऊन आले. काही खोल्यांवर तळ जवळजवळ निर्जीव निघाला. फोर्ब्स तेव्हा हयात असता तर त्याने टाळी मागितली असती! कारण मात्र खोली हे नव्हते. अरबी समुद्राचा वरचा थर मॉन्सूनच्या वाऱ्यांमुळे सुपीक असतो. त्यातून खाली पडणारे सेंद्रिय कण कुजताना प्राणवायू संपवतात, आणि साधारण दीडशे ते हजार मीटरच्या दरम्यान पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरत नाही. हा थर जिथे उताराला टेकतो तिथे मोजक्या जातींचे, चिवट कृमीच तग धरतात. त्याखाली गेले की प्राणवायू परत येतो आणि प्राणीही. हे सगळे आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर घडते आहे. गोव्यात दोना पावलाच्या धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्याचा अभ्यास अनेक वर्षे चालू आहे. आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ रोजी, ही संस्था स्थापन झाली.

आजच्या मराठी विद्यार्थ्याची वाट बहुधा इथूनच जाते. ‘खोल समुद्र’ नावाची पदवी आपल्याकडे नाही. कोणी प्राणिशास्त्र घेऊन येतो, कोणी सूक्ष्मजीवशास्त्र, कोणी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून. गोवा विद्यापीठात, कोचीत किंवा तमिळनाडूत परंगीपेट्टईला सागरी विज्ञानात एमएस्सी करता येते. मग नेट, शिष्यवृत्ती, आणि पीएचडीची पाच-सहा वर्षे. त्यातले समुद्रावरचे दिवस मोजायला बोटे पुरत नसली तरी कॅलेंडरची दोन-तीन पाने पुरतात. सांख्यिकी टाळता येत नाही आणि थोडे भूशास्त्रही लागतेच, कारण गाळ कुठून आला हे कळल्याशिवाय त्यातला प्राणी कळत नाही. आणि एखाद्या प्राणिगटाचा जुना जाणकार गाठून त्याच्या शेजारी बसावे लागते. कृमीचा कुठला केस पाहायचा हे पुस्तकात असते. कसा पाहायचा हे शेजारी बसूनच कळते. अडचण अशी की हे जाणकार निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी त्याच विद्येचा माणूस नेमला जाईल याची खात्री नाही. नवी जाती शोधून तिचे चोख वर्णन करण्यात दोन वर्षे घालवणाऱ्यापेक्षा झटपट शोधनिबंध लिहिणाऱ्याचे पारडे निवड समित्यांपुढे जड ठरते, आणि अनेकांची उमेदीची वर्षे प्रकल्पागणिक मिळणाऱ्या कंत्राटी पदांवर जातात. डीएनए वाचणारी यंत्रे आली आहेत, पण वाचलेला डीएनए ताडून पाहायला नाव लागलेला नमुना हवा. तो नसेल तर यंत्रही ‘जाती १’च म्हणते.

या वाटेवर माणसे येतात कशी, याची उत्तरे मोठी मजेदार असतात. नागपुरात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या अदिती पंत यांच्या हाती ॲलिस्टर हार्डी यांचे ‘द ओपन सी’ हे पुस्तक पडले. त्यातून त्या हवाईला, मग लंडनला आणि पुढे गोव्याच्या संस्थेत पोहोचल्या. १९८३-८४च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. त्यांचा विषय वरच्या उजेडातल्या प्लवकांचा, पण तळातल्या जिवांचे जेवण तिथेच शिजते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १९७७मध्ये गॅलापागोस बेटांजवळ अडीच हजार मीटरवर ‘ॲल्विन’ पाणबुडीला उष्ण पाण्याचे झरे सापडले, आणि भोवती प्राण्यांचे दाट रान. मोहिमेवर सगळे भूशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ एकही नाही. नमुने टिकवायला पुरेसे रसायन नव्हते, म्हणून काही प्राणी चक्क व्होडकात बुडवून आणले. त्यातल्या लांबलचक नळीकृमींना तोंड नव्हते, आतडे नव्हते. मग ते खातात काय? १९८०मध्ये हार्वर्डला मेरेडिथ जोन्स हे कृमींचे जाणकार व्याख्यान देत होते. कृमीच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडतात असे ते म्हणाले, तशी कॉलिन कॅव्हनॉ ही नुकतीच संशोधनाला लागलेली विद्यार्थिनी उठून म्हणाली, याच्या आत गंधकावर जगणारे जिवाणू असले पाहिजेत, तेच त्याला पोसतात. जोन्स यांनी तिला कृमीच्या ऊतीचा तुकडा दिला. १९८१मध्ये तिचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला, सूर्याच्या आधाराशिवाय चालणाऱ्या संसाराची किल्ली त्यात होती. ही गोष्ट सांगताना तिच्या धिटाईचे कौतुक होते. मला त्या म्हाताऱ्या कपाटवाल्याचेही कौतुक वाटते. गंधकाचे कण नोंदवण्याइतके बारकाईने त्याने तो कृमी उघडून पाहिला होता, म्हणून तर तिला उठायला जागा मिळाली.

आता पेचाकडे येऊ. ‘चॅलेंजर’ने १८७३मध्येच तळावरून बटाट्याएवढे काळे गोळे आणले होते. मँगेनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असलेल्या या बहुधातुक गाठी दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने अरबी समुद्रातून अशा गाठी मिळवल्या, आणि भारत या शर्यतीत उतरला. आज मध्य हिंद महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर तळावर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव क्षेत्रावर, गाठींच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे. २०२१मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटींच्या सागर मोहिमेत तीन माणसांना सहा हजार मीटरवर नेणारी ‘मत्स्य ६०००’ बनते आहे, आणि खोल समुद्रातल्या जीवविविधतेच्या अभ्यासालाही त्यात जागा आहे.

खोदण्याआधी तिथे काय राहते हे नोंदवा, असा आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचा नियम आहे. या नियमामुळेच जगभर खोल समुद्राच्या जीवशास्त्राला पैसा आला, जहाजे आली, शिष्यवृत्त्या आल्या. म्हणजे जो विद्यार्थी आज पाच हजार मीटरवरचा चिखल चाळायला शिकतो, त्याचे शिक्षण बहुधा खाणीच्या योजनेतूनच होते, आणि उद्या त्याच खाणीबद्दल त्याला साक्ष द्यायची असते. त्यात लबाडी आहे असे मला म्हणायचे नाही. हा पैसा नसता तर यातले काहीच कळले नसते. पण साक्षीदाराला निदान कोण मेले त्याचे नाव तरी सांगता आले पाहिजे. पॅसिफिकच्या गाठींच्या सर्वांत मोठ्या पट्ट्यात आजवर सापडलेल्या साडेपाच हजारांवर प्राण्यांपैकी सुमारे नव्वद टक्के अजून बिननावाचे आहेत, असा हिशेब २०२३मध्ये प्रसिद्ध झाला.

नाव नसल्याने काय बिघडते, त्याचे उदाहरण आपल्याच महासागरात आहे. २००१मध्ये मध्य हिंद महासागरी कटकावरच्या ‘कैरेई’ झऱ्यापाशी एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले, आणि त्या खवल्यांवर लोहाच्या सल्फाइडचा लेप: चिलखत घातलेली गोगलगाय. जगभर तिचे फोटो झळकले, पण रीतसर वर्णन होऊन तिला शास्त्रीय नाव मिळाले २०१५मध्ये. २०१९मध्ये ती धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत गेली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत आलेली ती पहिली. तोवर माहीत असलेल्या तिच्या तीन वस्त्यांपैकी दोन खाणशोधाच्या परवान्यांखाली होत्या. नाव मिळायला चौदा वर्षे, यादीत जायला आणखी चार.

आणि तळावर जखम केली तर ती भरते का? १९८९मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूसमोर चार हजार मीटरवर मुद्दाम नांगर फिरवला. २०१५मध्ये, सव्वीस वर्षांनी, ते परत गेले तेव्हा तास तसेच दिसत होते, कालच नांगरल्यासारखे. १९९७मध्ये गोव्याच्या संस्थेनेही मध्य हिंद महासागरात सुमारे तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्ट्यातला गाळ यंत्राने उपसून पाहिला. पुढची काही वर्षे तिथून पुन्हा पुन्हा चिखल आणला गेला: उपशाआधीचा, लगेच नंतरचा, काही वर्षांनंतरचा.

तो चिखल चाळून, वेचून बरण्यांत गेला. परत आलेले जीव आधीचेच की दुसरे, या प्रश्नाचे उत्तर कुणीतरी दोन बरण्यांतले दोन मिलिमीटरभर लांबीचे कृमी शेजारी शेजारी ठेवून, त्यांचे केस मोजूनच देऊ शकतो. तेवढे शिकायला त्या बारावी झालेल्या मुलीला आजपासून निदान दहा वर्षे लागतील.